पोर्श ९४४ (१९८६) : ऑइल कूलर, बेल्ट आणि उरलेलं सगळं रबर

मंडळी, आधी गाडीची ओळख. १९८६ ची साधी ९४४, आठ व्हॉल्व्हचं अडीच लिटर इंजिन, टर्बो नाही, पाच गिअर, रंग गडद निळा, मीटरवर ६१,४१२ मैल. ऑक्टोबरात घेतली. मुक्काम आमच्या न्यू जर्सीच्या घराच्या गॅरेजात, डावीकडची अर्धी जागा.

मीटरवरच्या आकड्याला फारसा अर्थ नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं. वीस मैल फिरवून आणली तरी मीटर तिथल्या तिथे. या गाड्यांच्या मीटरमध्ये नखाएवढं प्लॅस्टिकचं गिअर असतं, ते वयाने ठिसूळ होऊन तुटतं. काटा वेग दाखवत राहतो, मैल मात्र पुढे सरकत नाहीत. गिअर बदलायला एक संध्याकाळ लागली. मीटर नक्की किती वर्षं बंद होतं ते पावत्यांवरून जुळवत बसलो आणि शेवटी ठरवलं की मैल बाजूला ठेवायचे आणि गाडीचं वय धरायचं. जे जे रबर आहे ते सगळं म्हातारं समजून कामाला लागायचं. हिवाळाभर जे केलं ते या एका निर्णयातून आलं.

९४४ च का, हे बरेच जण विचारतात. नेकरसुल्मच्या आउडी कारखान्यात बांधलेली म्हणून हिला खरी पोर्श न मानणारे लोक आहेत. मला ते मुळीच पटत नाही. हिच्या आधीच्या ९२४ चं मूळ डिझाइन डिझायनर हार्म लागाय यांचं आणि इंजिन आउडीच्या घराण्यातलं होतं. ९४४ ला मात्र पोर्शने स्वतःचं चार सिलिंडरचं ॲल्युमिनियम इंजिन दिलं, पोर्शच्याच ९२८ गाडीच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची एक बाजू घेऊन त्यावर उभं केलेलं. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, दोघांना जोडणारी लांब टॉर्क ट्यूब. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं निम्मं पडतं. वळणावर गाडी जी शांत बसते ती यामुळे. १९८२ ते १९९१ एवढ्या काळात या गाड्या निघाल्या, आणि जस्त चढवलेल्या पत्र्यामुळे अजूनही बऱ्याच शाबूत आहेत. माझ्या गाडीचे दोन्ही सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या) आणि जॅक पॉइंट स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिले, ठणठणीत निघाले. इथले रस्ते हिवाळ्यात मिठाने पांढरे होतात, म्हणून ही तपासणी सगळ्यात आधी.

नोव्हेंबरात कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीचं झाकण उघडलं तर आत चॉकलेटी लगदा, म्हणजे कूलंटमध्ये ऑइल मिसळलेलं. ऑइल डिपस्टिक मात्र स्वच्छ. ज्यांना हा अनुभव आहे त्यांच्या लक्षात आलं असेलच. हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलचा) संशय सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येतो, माझ्याही आला, आणि ती रात्र वाईट गेली. दुसऱ्या दिवशी कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहिलं : चारही सिलिंडर १६५ ते १७२ पीएसआय. म्हणजे हेडकडे बोट दाखवायला कारण नव्हतं. ९४४ मध्ये ऑइल कूलर ब्लॉकलाच, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली, एका हाउसिंगमध्ये बसवलेला असतो. एका बाजूने ऑइल, दुसऱ्या बाजूने कूलंट, आणि मध्ये रबरी सील. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून सील कडक झाले की ऑइल कूलंटमध्ये शिरतं. डिपस्टिक स्वच्छ राहते ती म्हणूनच.

मॅनिफोल्डचे नट काढायला तीन संध्याकाळी गेल्या. रोज पेनिट्रेटिंग ऑइल मारायचं, थोडी उष्णता द्यायची, अर्धा फेरा सैल, पाव फेरा परत घट्ट, पुन्हा सैल. एकही स्टड तुटला नाही. घाई असेल त्या दिवशी या नटांना पाना लावू नका.

हाउसिंग निघालं, जुने सील नखाने दाबले तर बेकेलाइटसारखे टणक. सील बदलणं सोपं, अडचण पुढे होती. माझ्या गाडीत ऑइल प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (ऑइलचा दाब जास्त झाला की सोडून देणारा) जुन्या पद्धतीचा, तीन तुकड्यांचा आहे. तो हाउसिंगमधून ब्लॉकच्या भोकात सरळ रेषेत बसला पाहिजे. हाउसिंग केसभर सरकलं तरी व्हॉल्व्ह अडकतो आणि ऑइलचा दाब मिळत नाही. म्हणून व्हॉल्व्हच्या जागी आधी एक दांडा घालून हाउसिंग मध्यावर आणायचं, मग बोल्ट आवळायचे, मग दांडा काढून व्हॉल्व्ह घालायचा. हा दांडा विकत मिळतो. पण माझे मामा कोल्हापुरात उद्यमनगरला चाळीस वर्षं लेथवर होते, त्यांना सोडून दुसऱ्याकडून घ्यायला मन होईना.

फोनवर फोटो पाठवले तर मामांचं उत्तर आलं, "फोटो नगंत, मापं धाड. आणि कुठं घट्ट बसाया पायजे, कुठं सैल, ते लिवून धाड." ते ऐकल्यावर मी व्हॉल्व्ह बाहेर काढून वर्नियरने प्रत्येक पायरी तीन-तीनदा मोजली. मोजताना पहिल्यांदा नीट समजलं की व्हॉल्व्हचा कोणता भाग हाउसिंगमध्ये बसतो आणि कोणता ब्लॉकमध्ये. फोटोवरून ते कधीच कळलं नसतं. जानेवारीत आईबाबा आले त्यांच्या बॅगेतून दांडा आला, पितळेचा, वर्तमानपत्राच्या कागदात आणि मग टॉवेलात गुंडाळलेला. हाताने आत सरकला, कुठेही न अडकता. मी व्हिडिओ कॉल लावून मामांना दाखवलं. त्यांनी दांड्याबद्दल काही विचारलं नाही. "सीलच्या लिपला ग्रीस लावलंस का? कोरडं सील बसवू नकोस, पहिल्याच फेऱ्यात फाटतंय," एवढंच म्हणाले.

कूलिंगची सफाई : डिशवॉशरची पावडर गरम पाण्यात विरघळवून घातली, इंजिन दहा मिनिटं चालवलं, काढून टाकली, मग साध्या पाण्याने धुतलं. असं पाच वेळा. भांडी घासायचा द्रव साबण घालू नका, फेस होतो. आणि ही पावडर ॲल्युमिनियमला चांगली नाही, म्हणून आत मुरू देऊ नका, लगेच धुवा. ऑइल लागलेले होज फुगून मऊ पडले होते, ते सगळे नवे.

फेब्रुवारी बेल्टचा. पावत्यांत बेल्ट बदलल्याची शेवटची नोंद २००९ ची होती. या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, म्हणून पहिल्या चकरांनंतर मी गाडी रस्त्यावर काढलीच नव्हती. बेल्ट दोन : एक कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा, हाच टायमिंग बेल्ट), दुसरा बॅलन्स शाफ्टचा. मोठ्या चार सिलिंडरला नैसर्गिक थरथर असते, ती मारायला क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या) दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन शाफ्ट. ही कल्पना मित्सुबिशीच्या पेटंटमधली, पोर्शने तिचा परवाना घेतला. उलट दिशा साधण्यासाठी त्या बेल्टला दोन्ही अंगांना दात असतात. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा कितीतरी वेळ बघत राहिलो.

वॉटर पंप टायमिंग बेल्टच्याच पाठीवर फिरतो, तेव्हा पंप जुना ठेवून बेल्ट बदलण्यात अर्थ नाही. थर्मोस्टॅटही पंपाच्या पोटात सर्कलिपने अडकवलेला असतो, तोही बदलला. क्रँक, कॅम आणि दोन्ही बॅलन्स शाफ्टचे पुढचे सील बदलले, सगळ्यांच्या लिपला ग्रीस लावून.

फ्लायव्हीलवरची ओटी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) बेलहाउसिंगच्या खिडकीत आणली, कॅमची खूण मागच्या कव्हरवरच्या खाचेला. मग मुलीला टॉर्च धरून बसवलं. ती चौदा वर्षांची आहे, तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण. क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवून परत पाहिलं तर ती म्हणाली, "बाबा, कॅमची एक दात पुढे आहे." खरंच होती. ताण देताना बेल्ट सरकला होता. उतरवून पुन्हा बसवला, पुन्हा दोन फेरे, या वेळी दोन्ही खुणा बरोबर. त्यानंतरच क्रँकचा बोल्ट २१० न्यूटन-मीटरला आवळला, फ्लायव्हील लॉक करून. बॅलन्स शाफ्टच्या बेल्टवरचा गाइड रोलर बेल्टला टेकता कामा नये, अर्ध्या मिलिमीटरची फट हवी. फीलर गेज घालून बघा, नजरेने ठरवू नका.

किरकोळ कामं चार ओळींत. बॅटरीखालच्या ट्रेचं भोक पानांनी तुंबलं होतं आणि पाणी उजव्या बाजूच्या कार्पेटमध्ये उतरत होतं. भोक मोकळं, ट्रे घासून रंगवला. इंजिनवरचे पेट्रोलचे रबरी होज बदलले, हे काम तर कुणीच पुढे ढकलू नये. डीएमई रिलेचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणाऱ्या स्विचचे) जोड सोल्डरिंग करून पक्के केले, आणि एक नवा रिले ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवला. मागच्या काचेचं रबर अजून बाकी आहे.

मार्चचा तिसरा रविवार. रिले काढून ठेवला आणि नुसतं स्टार्टरने इंजिन फिरवलं, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद. सात-आठ सेकंदांच्या तीन खेपा. तिसऱ्या खेपेला ऑइल प्रेशरचा काटा हलला आणि वर चढला. मामांचा दांडा बरोबर बसला होता याचा तो पुरावा, आणि माझा अडकलेला श्वास तिथे सुटला. रिले लावला, किल्ली फिरवली, दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू. पुढची चाकं रँपवर चढवून हेडजवळच्या ब्लीड स्क्रूमधून हवा काढली, बुडबुडे संपेपर्यंत.

गरम झाल्यावर ऑइलचा दाब आयडलला दोन बारच्या वर, तीन हजार आरपीएमवर साडेचार. टाकीतलं कूलंट स्वच्छ. दुपारी मुलीला शेजारी बसवून डेलावेअर नदीकाठच्या रस्त्याने चाळीस मैल जाऊन आलो. चार हजार आरपीएमवर गिअरच्या दांड्यात झिणझिण्या नाहीत, म्हणजे बॅलन्स शाफ्टही जागेवर आहेत. घरी आल्यावर मीटर पाहिलं, ६१,४५२.

आता दीड हजार मैलांनी बेल्टचा ताण पुन्हा तपासायचा. क्लच अजून जुना, मध्यभागी रबर असलेला, आणि सुटताना हलका धक्का देतो, म्हणजे ते रबरही जायला लागलं आहे. त्यासाठी एक्झॉस्ट, गिअरबॉक्स, टॉर्क ट्यूब सगळं खाली घ्यावं लागेल. स्प्रिंगवाली प्लेट मागवून ठेवली आहे. ते काम पुढच्या नोव्हेंबरात.