गेमचे परीक्षण कधी यावे

नव्या व्हिडिओ गेमचे परीक्षण तो बाजारात येण्याआधी वाचायला मिळावे, ही वाचकाची अपेक्षा रास्त आहे, कारण सल्ला पैसे मोजण्याआधी हवा असतो. तरीही माझे मत असे आहे की, कंपनीने आगाऊ पाठवलेल्या प्रतीवरून लिहिलेले आणि विक्रीच्या एक-दोन दिवस आधी गुणांसह छापलेले परीक्षण अर्धवट असते. ग्राहकाच्या हाती जी आवृत्ती पडते ती, आणि ग्राहकाच्या घरी जे यंत्र आहे त्यावर खेळून झाल्याशिवाय परीक्षकाने निकाल देऊ नये. मी नाशिकमध्ये राहून मराठीत लिहितो, गेम स्वतःच्या पैशाने घेतो आणि कोणतीही कंपनी मला आगाऊ प्रत पाठवत नाही, त्यामुळे हे मत माझ्या सोयीचे आहे असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला मान्य आहे. आक्षेप मान्य करूनही मुद्दा शिल्लक राहतो.

प्रचलित पद्धत अशी आहे की गेम तयार झाल्यावर प्रकाशक कंपनी तो निवडक परीक्षकांना काही दिवस आधी देते आणि अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काहीही प्रसिद्ध करायचे नाही, अशी अट घालते. या अटीला एम्बार्गो म्हणतात. ती मुळात वाईट नाही. ती नसती तर सर्वांत आधी लिहिणाऱ्याकडे सगळे वाचक गेले असते आणि चाळीस तासांचा गेम एका रात्रीत उरकून मत ठोकून देण्याची चढाओढ लागली असती. अडचण एवढीच आहे की ही वेळ माल विकणारा ठरवतो. गेम चांगला उतरला असेल तर परीक्षणे आठवडाभर आधीही येऊ दिली जातात, आणि कंपनीच्याच मनात धाकधूक असेल तर मुदत विक्रीच्या घटकेपर्यंत, क्वचित तिच्याही पुढे ढकलली जाते. असॅसिन्स क्रीड युनिटी हा गेम ११ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेत मध्यरात्रीपासून विकला जात होता, परंतु परीक्षणे छापायला दुपारी बारापर्यंत मनाई होती. मधल्या काळात तो घेणाऱ्यांना पात्रांच्या चेहऱ्याची त्वचा गायब होऊन नुसते डोळे आणि दात तरंगताना दिसले. तो बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने पुढे जाहीर माफी मागितली.

सायबरपंक २०७७ या गेमचे प्रकरण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तिथे तारखेची काही तक्रारच नव्हती. गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला आणि परीक्षणे ७ डिसेंबरला, म्हणजे तीन दिवस आधी प्रसिद्ध झाली. बहुतेकांनी भरभरून गुण दिले होते. मात्र परीक्षकांना मिळालेली प्रत फक्त पीसीची होती आणि सुरुवातीच्या परीक्षणांत स्वतः खेळतानाचे चित्रीकरण दाखवण्याचीही त्यांना परवानगी नव्हती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर तो कसा चालतो, हे विक्री सुरू होईपर्यंत बाहेर फारसे कोणाला कळले नाही, आणि कळले तेव्हा सुमारे ८० लाख प्रतींची आगाऊ नोंदणी होऊन गेली होती. आठवड्याभरातच प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि तो परत यायला जून २०२१ उजाडला. आपल्याकडच्या वाचकाने यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्लेस्टेशन ५ भारतात अधिकृतपणे २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले, म्हणजे त्या डिसेंबरात नाशिकच्या सिडकोत किंवा इंदिरानगरात ज्याच्या घरी प्लेस्टेशन होते, त्याच्याकडे ते जवळजवळ निश्चितच चौथे होते. वेळेवर आलेली आणि बहुधा प्रामाणिकपणे लिहिलेली ती सगळी परीक्षणे त्याच्याजवळ नसलेल्या यंत्राविषयी होती.

ऑनलाइन गेमच्या बाबतीत तर आगाऊ परीक्षणाला फारसा आधारच उरत नाही. मार्च २०१३ मध्ये सिमसिटी आला तेव्हा तो खेळण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहणे सक्तीचे होते. मोजक्या परीक्षकांनी रिकाम्या सर्व्हरवर तो खेळून पाहिला तेव्हा सगळे सुरळीत चालले. सर्वसामान्य ग्राहक आत शिरल्याबरोबर सर्व्हर कोलमडले. पॉलिगॉन या संकेतस्थळाने विक्रीआधी त्याला १० पैकी ९.५ गुण दिले होते. ते आधी ८ वर, मग ४ वर आणले आणि शेवटी ६.५ वर नेले. त्या संकेतस्थळाची तेव्हा बरीच थट्टा झाली. माझ्या मते प्रत्येक टप्प्यावर त्यांनी समोर दिसले ते सांगितले, आणि घाई केवळ पहिल्या आकड्याची झाली.

लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरमधला वरचा कांदा पाहून बोली लागते आणि खळ्यावर माल ओतताना खालून वेगळा कांदा निघाला की वांधा होतो, भाव पाडला जातो. शेतकऱ्यांचा या प्रथेवर राग आहे आणि तो योग्यच आहे, परंतु तिथे निदान घेणाऱ्याला माल ओतून पाहिल्यावर बोलण्याची सोय असते. गेम घेणाऱ्याला ती फार थोडी आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात जून २०१५ पासून खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात; प्लेस्टेशनच्या दुकानात एकदा डाउनलोड सुरू केले की, गेममध्येच दोष असल्याखेरीज, तोही मार्ग बंद होतो. मोठ्या गेमची किंमत पाच हजार रुपयांच्या आसपास गेलेली असताना परीक्षणाच्या वेळेचा प्रश्न म्हणूनच केवळ पत्रकारितेच्या शिस्तीचा राहत नाही.

मग परीक्षकांना आगाऊ प्रत देऊच नये, असा एक उपाय सुचतो. बेथेस्डा या प्रकाशक कंपनीने ऑक्टोबर २०१६ मध्ये जवळपास तेच जाहीर केले होते: यापुढे परीक्षकांना प्रत विक्रीच्या केवळ एक दिवस आधी मिळेल, कारण सर्वांनी गेम एकाच वेळी अनुभवावा अशी आमची इच्छा आहे. त्याच वर्षीचा त्यांचा डूम हा गेम उशिरा आलेल्या परीक्षणांनंतरही नावाजला गेला, हे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. तत्त्व म्हणून माझा याला विरोध नाही. परंतु सर्वांना समान वागवायचे असेल तर आगाऊ नोंदणीही त्या दिवसापर्यंत थांबवायला हवी होती, आणि ती कोणी थांबवत नाही. नोंदणी महिनोन्महिने आधी सुरू असते, तिच्यावर खास पोशाख आणि शस्त्रे भेट मिळतात, आणि अलीकडे तर महागडी आवृत्ती घेणाऱ्याला इतरांच्या आधी खेळायला मिळते. स्टारफिल्डची अधिकृत तारीख ६ सप्टेंबर २०२३ होती, जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी तो १ सप्टेंबरला खुला झाला आणि परीक्षणे ३१ ऑगस्टला आली; यातली प्रकाशनाची तारीख नेमकी कोणती, हे आता कंपनीच्या सोयीप्रमाणे ठरते. विक्री चालू आणि परीक्षणाला बंदी, ही विषमता जोवर आहे तोवर आगाऊ नोंदणी करूच नये, असे मी भाचेमंडळींना सांगत आलो आहे. ते ऐकतातच असे नाही.

घाईने दिलेला गुण आणखी एका कारणाने घातक ठरतो. सगळ्या परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकचे धोरण सर्वसाधारणपणे परीक्षकाने प्रथम दिलेलाच गुण धरण्याचे आहे, त्यामुळे नंतर मत बदलले तरी तिथला आकडा बदलत नाही. फॉलआउट न्यू वेगस हा २०१० चा गेम बाजारात आला तेव्हा दोषांनी भरलेला होता. तो घडवणाऱ्या ऑब्सिडियनला १०० पैकी सरासरी ८५ मिळाली तर अधिक मोबदला मिळणार होता आणि मिळाली ८४. दोष पुढे बरेचसे दुरुस्त झाले, आकडा तसाच राहिला. उलट दिशेचेही उदाहरण आहे: क्रॅश टीम रेसिंग नायट्रो फ्युएल्ड जून २०१९ मध्ये आला, त्याची परीक्षणे झाली, आणि ऑगस्टमध्ये त्यात खऱ्या पैशाने नाणी विकत घेण्याची सोय घुसवण्यात आली. जूनमधल्या गुणांत ती गोष्ट असणे शक्यच नव्हते.

गंमत म्हणजे संयम पाळण्याचा नियम सामान्य खेळाडूंना लागू झाला आहे. जून २०२० मध्ये लास्ट ऑफ अस पार्ट टू आल्यावर काही तासांतच मेटाक्रिटिकवर खेळाडूंनी दिलेल्या शून्य गुणांचा पूर आला, जेव्हा तो गेम पुरा करायलाच वीसहून अधिक तास लागतात. त्यानंतर मेटाक्रिटिकने वापरकर्त्यांना गुण देण्याआधी प्रकाशनानंतर ३६ तास थांबायला लावले. परीक्षकांनाही अशी अट असावी असे मी म्हणणार नाही, कारण सक्ती आली की तिचा फायदा पुन्हा विक्रेत्यालाच होतो. परीक्षकाने आपणहून दोन टप्पे करावेत. विक्रीच्या दिवशी, किंवा शक्य असेल तर आधी, गुण न देता एक टिपण यावे: कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, किती तास, प्रत कोणी दिली, काय दाखवायला मनाई होती. काही मोठी संकेतस्थळे अशी अपुरी परीक्षणे तशी नोंद करून छापतात, हे स्वागतार्ह आहे. निकाल मात्र पहिली दुरुस्ती झाल्यावर आणि सर्व्हरवर गर्दी झाल्यावर यावा, मग त्यात तीन आठवडे गेले तरी चालतील.

तीन आठवड्यांनी कोण वाचणार, असे विचारले जाते. या शहरातले माझ्या ओळखीचे गेम खेळणारे पाहिले तर बहुतेक सगळेच वाचतील. पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत देणारे थोडे आहेत. बाकीचे स्टीमच्या जूनमधल्या किंवा डिसेंबरमधल्या सवलतीची वाट पाहतात, किंवा एकाने घेतलेली सीडी चौघांत फिरते, किंवा कॉलेजात जाणारी मुले दिवाळीचे पैसे आणि सहामाही परीक्षा यांचा हिशेब जुळवून एकच गेम निवडतात. सायबरपंकमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये २.० क्रमांकाचा मोठा बदल झाला. आज तो निम्म्या किमतीत घ्यावा की नाही, या प्रश्नाला २०२० चे एकही परीक्षण उत्तर देत नाही, प्रशंसेचे नाही आणि टीकेचेही नाही.

म्हणून माझ्या परीक्षणांच्या शीर्षकाखाली यापुढे खेळलेल्या आवृत्तीचा क्रमांक आणि यंत्राचे नाव असेल, आणि मोठी सवलत सुरू होण्याच्या आठवड्यात जुन्या परीक्षणांपैकी ज्यांचे गेम बदलले आहेत ती नव्याने तपासून खाली तारखेसह पुरवणी जोडली जाईल. मूळ मजकूर खोडला जाणार नाही. गुण देणे मात्र मी बंद करत आहे.