राखाडी बूट आणि पायाची रुंदी

बॉस्टनमधल्या काही जुन्या दुकानांत बूट दाखवण्याआधी अजूनही पाय मोजतात. मोजे घालून उभं राहायचं, पायाखाली धातूची थंडगार पट्टी, तिच्यावर दोन सरकते काटे. सिराक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी 1920च्या दशकात तयार केलेलं हे साधन आजही जवळजवळ तसंच वापरात आहे. त्यावर लांबी कळते, टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर कळतं आणि चवड्याची रुंदीही कळते. माझे पाय मोजणारे गृहस्थ सत्तरीचे असावेत. खाली बसून त्यांनी आधी उजवा आणि मग डावा पाय मोजला, आणि म्हणाले, "नंबर तुमचा बरोबर आहे, पण रुंदी डी लागेल." इथे बायकांच्या बुटांत बी ही नेहमीची रुंदी आणि डी म्हणजे रुंद. आतून त्यांनी न्यू बॅलन्स कंपनीचा 990 हा राखाडी रंगाचा बूट आणला. तो घालून चालले तेव्हा माझी करंगळी कुठेच घासली नाही.

एवढं काय त्यात, असं ज्यांचे पंजे रुंद आहेत ते म्हणणार नाहीत. आपल्याकडे बुटाचा नंबर म्हणजे लांबी. पंजा रुंद असेल तर एक नंबर मोठा घ्यायचा, मग टाच निसटते आणि दुकानदार म्हणतो, "आत एक सोल टाकून देतो." घट्ट झाला तर "वापरून सैल होईल." कागदावर पाय ठेवून, भोवती पेन्सिल फिरवून जोडा बेतण्याची कला आपल्या कारागिरांकडे होतीच. ती हरवली तयार मालाच्या दुकानांत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने मध्यंतरी देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा सरासरीने रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. म्हणजे आमच्या पायांत काहीच खोट नव्हती. बूट दुसऱ्यांच्या पायांवर बेतलेले होते.

आता या 990बद्दल. फोटो पाहिल्यावर घरच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "एवढ्या पैशांत हे आजोबांचे बूट?" तर त्याचं उत्तर नीट देते.

न्यू बॅलन्स ही कंपनी बॉस्टनचीच. 1906 साली विल्यम रायली यांनी ती काढली तेव्हा ती बूट बनवत नव्हती, पायाच्या कमानीला आधार देणाऱ्या पट्ट्या बनवायची. गिऱ्हाईक कोण, तर पोलीस, वेटर, दिवसभर उभं राहून काम करणारी माणसं. 1960च्या सुमारास त्यांचा ट्रॅकस्टर हा धावण्याचा बूट आला, तोही वेगवेगळ्या रुंदींत. 1972मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या दिवशी जिम डेव्हिस यांनी कंपनी विकत घेतली, तेव्हा सहा कामगार होते आणि दिवसाला 30 जोड तयार व्हायचे. (त्याच मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदा बायकांना अधिकृतपणे धावू दिलं.) पुढे धावण्याची लाट आली. किंमत कितीही होवो, उत्तम बूट बनवायचा, असं ठरवून 1978पासून काम सुरू झालं आणि 1982मध्ये 990 बाजारात आला, 100 डॉलरला. तोवर धावण्याच्या बुटाला कुणी एवढी किंमत लावली नव्हती आणि त्या वर्षअखेर अमेरिकेत बेरोजगारी 10 टक्क्यांच्या वर गेली होती. तरीही तो खपला.

सध्याची सहावी आवृत्ती साधारण 200 डॉलरला आहे. महागाई धरली तर 1982चे 100 डॉलर आज 300च्या पुढे जातात. तेव्हा मी उधळपट्टी केली असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करून पाहावा.

मधल्या काळात 995पासून 999पर्यंत त्याची भावंडं आली, 1998मध्ये 990चा आकडा परत आला. आतला फोम बदलत गेला, पण मऊ गाभा आणि त्याभोवती टणक कड ही रचना टिकवली. वरून जाळी आणि स्वेड (मऊ लव असलेलं चामडं), बाजूला एन हे अक्षर, रंग राखाडी. शहरातल्या रस्त्यांवरची धूळ राखाडीवर दिसत नाही, म्हणून तो रंग निवडल्याचं कंपनीच सांगते. 1982चा जोड आणि आजचा जोड शेजारी ठेवा, एकाच घरातले म्हणून कुणीही ओळखेल. मला यातलं मोठेपण फार वाटतं. दर मोसमात नवं रूप दाखवायच्या धंद्यात चांगल्या वस्तूला हात न लावायला धीर लागतो.

शर्यतीतला बूट म्हणून त्याचा काळ संपला. एप्रिलमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या पायात आता जाड फोमचे, कार्बनच्या पट्टीचे हलके बूट असतात. 990 दिसतो तो कठड्यामागे तासन् तास उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांच्या पायात. ग्रीन लाइन या ट्रामने इस्पितळांच्या लाँगवूड भागात उतरणाऱ्या नर्सच्या पायात आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या विशीतल्या विद्यार्थ्याच्याही पायात. माझं प्रयोगशाळेतलं काम उभ्याचंच, त्यामुळे या मंडळींत मी आपोआप जमा झाले.

एक गोष्ट मात्र टोचते. 990 अमेरिकेतच शिवला जातो, मेन नावाच्या राज्यातल्या स्काउहीगन, नॉरिजवॉक अशा छोट्या गावांत आणि बॉस्टनजवळच्या लॉरेन्समध्ये. लॉरेन्स एकेकाळी कापड गिरण्यांचं गाव. गिरण्या गेल्या, पण निदान शिलाई यंत्रांचा आवाज तिथे अजून आहे. हा बूट आला त्याच 1982च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला. माझे आजोबा मागावर उभे राहून आयुष्य काढलेले, आणि त्यांच्या गिरणीच्या जागी आज टॉवर आहे. खरं सांगायचं तर या कंपनीचेही बहुतेक बूट आशियातच बनतात, आणि 'मेड इन यूएसए' लिहिलेल्यांतही देशी वाटा 70 टक्के किंवा त्याहून जास्त एवढंच त्यांचं म्हणणं आहे. तरी त्या 70 टक्क्यांचा मला हेवा वाटतो. आपल्याकडे काम करणारे हात कमी नव्हते, त्यांच्यासाठी जागा राखायची इच्छा कमी पडली.

थंडीत मात्र स्वेडला जपायला हवं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग पडतात, म्हणून डिसेंबर ते मार्च वेगळे बूट घालावेत.

डिसेंबरमध्ये मी येतेय आणि बऱ्याच जणांनी जोड आणायला सांगितलाय. नुसता नंबर पाठवू नका. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहा, दुसऱ्याकडून पेन्सिल सरळ धरून रेघ मारून घ्या आणि सर्वांत रुंद जागेचं माप सेंटिमीटरमध्ये लिहा. पुरुषांच्या बुटांत डी ही नेहमीची रुंदी, 2ई म्हणजे रुंद आणि 4ई त्याहून रुंद; यातली कुणाला कोणती लागेल हे मी त्यावरून इथे विचारून घेईन. दोन्ही पायांची मापं पाठवा, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो आणि बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्यायचा असतो.