पोर्ट लुईच्या सोळा पायऱ्या

जागतिक वारसा म्हटल्यावर काहीतरी भव्य असेल, अशा समजुतीत मी आप्रवासी घाटासमोरून दोनदा पुढे निघून गेलो. मॉरिशसच्या राजधानीत, बंदराला लागून दगडी खोल्यांचे अवशेष आणि काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. बस्स, एवढंच. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, अंगठा उठवून आलेले हिंदुस्थानी मजूर पुढे इथंच उतरले. मुंबई बंदरातून आलेली आपल्याकडची माणसंही त्यांत होती. गणेश चतुर्थीला इथं आजही सरकारी सुट्टी असते!

डच, फ्रेंच आणि १८१० नंतर इंग्रज, ही क्रमवारी फलकांवर वाचून विसरता येते. मला अडकवून ठेवलं ते बैठकांनी, म्हणजे गावकऱ्यांच्या एकत्र जमायच्या जागांनी. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं रात्री गावातल्या बैठकीत कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवत. नव्या राज्यघटनेनं बेटावरच्या कुठल्याही भाषेत साधं लिहिता-वाचता येणाऱ्याला मत दिलं, तेव्हा ती गिरवणी कामी आली. बासदेव बिसुनदयाल यांच्या जन आंदोलनानं लोकांना त्यासाठीच धडाधड साक्षर केलं. बारा हजारांच्या आसपास असलेले मतदार १९४८ च्या निवडणुकीत सत्तर हजारांवर गेले. बंदूक नाही, पाटी-पेन्सिल!

सगळ्यांनाच स्वातंत्र्य हवं होतं असं मात्र नाही. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं विरोधात पडली. हिंदू बहुसंख्येची धास्ती हे त्याचं एक मोठं कारण. त्याआधीच, १९६५ मध्ये, ब्रिटिशांनी चागोस बेटं वेगळी काढून घेतली होती. देता देता हात मारायची ही जुनी खोड.

१२ मार्च १९६८ ला शाँ द मार्सच्या घोडशर्यतीच्या मैदानावर झेंडा चढला, तिथं मी भर उन्हात उभा राहिलो. शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले, पण राष्ट्रप्रमुख राणीच राहिली. प्रजासत्ताक व्हायला १९९२ चा १२ मार्च उजाडला. शेवटचं अपील तर आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं सुटे दिले. नाण्यावर रामगुलाम होते. १९८७ पासून तेच असतात. म्हणजे राणी आधी खिशातून गेली आणि पाच वर्षांनी गादीवरून.