तीन डब्ल्यू-२ आणि आईचं कॅलेंडर

सांगलीत बी.कॉम. केलं, लग्नानंतर अटलांटाजवळ आले आणि एन्रोल्ड एजंटची (अमेरिकन सरकारमान्य टॅक्स सल्लागाराची) परीक्षा देऊन टॅक्स रिटर्नची कामं सुरू केली. माझ्याकडे येणारे बहुतेक आयटीतले. २०२५च्या फेब्रुवारीत माझ्या जुन्या क्लायंट असलेल्या एक नर्सबाई मुलाला घेऊन आल्या. हा मुलगा एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, कॉर्नरबॅक, बचावातला खेळाडू. त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे, नाव मात्र देत नाही.

मला वाटलं, एनएफएल म्हणजे कोट्यवधींचा हिशोब असणार. पण समोर आले ते तीन राज्यांचे तीन डब्ल्यू-२, म्हणजे पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारे मालकाचे फॉर्म.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कोणीच घेतलं नव्हतं. तेव्हापासून एक संघ सोडवतो, दुसरा बोलावतो, असंच चाललेलं. २०२४चं सराव शिबिर टेनेसीत झालं. २७ ऑगस्टला प्रत्येक संघाला नव्वदांतले त्रेपन्न ठेवून बाकीच्यांना सोडावं लागलं, त्यात हा गेला. मग ओहायोत सात आठवडे प्रॅक्टिस स्क्वॉड (मुख्य संघाबाहेरचे, सरावापुरते खेळाडू), आठवड्याला १२,५०० डॉलर. तिथून कॅलिफोर्नियाच्या एका संघाने उचललं. दुसऱ्याच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमधला खेळाडू घ्यायचा तर थेट त्रेपन्नांत घ्यावा लागतो आणि किमान तीन आठवड्यांचा पगार द्यावा लागतो. तीन आठवडे झाले आणि तो पुन्हा घरी.

खेळाडूचा पगार राज्याराज्यांत वाटला जातो तो ‘ड्यूटी डे’च्या हिशोबाने. सराव, मीटिंग, प्रवास, सामना यांतला प्रत्येक दिवस तो कुठे होता ते लागतं. टेनेसीत पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही. ओहायोत राज्याचा आहे, शहराचा वेगळा. कॅलिफोर्नियाचं तर विचारूच नका. शिवाय बाहेरच्या सामन्यांची राज्यं. त्याचं कायमचं घर आईकडे, म्हणून आमचं जॉर्जिया राज्य त्याच्या सगळ्या उत्पन्नावर ५.३९ टक्के लावणार आणि बाहेर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट देणार, तेही मर्यादेतच.

एका डब्ल्यू-२वर तर तो गेलाच नव्हता अशा राज्यातली कमाई दाखवली होती. संघ तिथे खेळायला गेला होता, हा मागे राहून सराव करत होता. मला जेफ सॅटर्डे आठवला. इंडियानापोलिसच्या एनएफएल संघाचा हा खेळाडू दुखापतीमुळे घरीच होता, तरी क्लीव्हलँड शहराने त्या सामन्याचा टॅक्स घेतला. २०१५मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. पण आमच्या मुलाकडे पुरावा कुठला? मेसेज पुसलेले, विमानाची तिकिटं संघाच्या नावावर. चार-पाच दिवस मी नुसती जुळवाजुळव करत होते.

शेवटी आईने स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं. रोजच्या चौकटीत शहराचं नाव, रोज रात्री त्याला फोनवर विचारून लिहिलेलं. मला एकदम आमच्या घरचं कालनिर्णय दिसलं, गॅस कधी लावला, दूध किती आलं, सगळं आईच्या अक्षरात. त्या कॅलेंडरवरून ड्यूटी डे लागले, आणि संघाकडून दुरुस्त डब्ल्यू-२सुद्धा मागवता आला.

तीन रविवारांभोवती लाल गोल होते, आत १, २, ३. मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “पेन्शन.” आधीच्या त्याच्या दोन सीझनना मान्यता होती. पूर्ण पगारी यादीत तीन सामने झाले की एक सीझन धरला जातो आणि असे तीन सीझन झाले की पेन्शनचा हक्क पक्का होतो. त्या सामन्यांत तो पंटच्या वेळी, म्हणजे आपल्या संघाने चेंडू लाथेने लांब मारला की, कडेने पळत जाऊन तो परतवणाऱ्याला गाठायचा, बचावात जवळजवळ उतरलाच नाही. तरी तिसरा गोल पूर्ण झाला त्या रात्री दोघं फोनवर रडले होते. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि मलाही पुढचं विचारवेना.

एक चांगली गोष्टही सापडली. प्रत्येक संघ सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतनासाठीची पगारातली कपात) आपापली कापतो, दुसऱ्याने किती कापली ते पाहत नाही. २०२४ची मर्यादा १,६८,६०० डॉलरच्या कमाईपर्यंत. त्याची पाच हजार डॉलरहून जास्त रक्कम जादा कापली गेली होती, ती परत मिळाली. एजंटची फी आणि उन्हाळ्यातल्या ट्रेनरचा खर्च मात्र फेडरल (केंद्राच्या) टॅक्समध्ये वजा करता आला नाही. नोकरदाराला ती सवलत तिथे २०१८पासून बंद आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. पुढच्या संघाने बोलवावं म्हणून हा माणूस स्वतःच्या पैशाने शरीर राखतो.

रिटर्न १५ एप्रिलच्या आधी गेले. मे महिन्यात त्याचा फोन आला, नव्या संघाने बोलावलं होतं. संघाचं नाव सांगायच्या आधी म्हणाला, “टेक्सास, मॅम. तिथे राज्याचा टॅक्स नाही ना?”