तुम्ही विचारलंत म्हणून: उपग्रहाला आमचं नुकसान का दिसत नाही?

"वरून एवढं सगळं दिसतं म्हणता, मग आमच्या पिकाचं नुकसान तेवढं का दिसत नाही?" लातूरकडे गेलो की हे कुणीतरी शेतकरी विचारतोच. मी विमा कंपनीत नाही, उपग्रहाच्या चित्रांवरून बदलत्या हवामानाचा पिकांवर काय परिणाम होतोय ते बघतो, एवढं सांगून मला सुटता येईल. पण प्रश्न रास्त आहे.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका दहा बाय दहा मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत पाठवतं. या दोन्हींवरून एनडीव्हीआय हा आकडा निघतो. तो पानांच्या हिरव्या पसाऱ्याचा आकडा आहे. शेंगेबद्दल तो काहीच सांगत नाही.

२०२३ चा ऑगस्ट आठवत असेल. १९०१ पासून देशात एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सोयाबीन फुलोऱ्यात आणि पाऊस गायब. सप्टेंबरात तो परतला, पिकानं पुन्हा अंग धरलं आणि माझ्या चित्रात आमच्या चुलत्यांचं, म्हणजे तात्यांचं, रान छान हिरवं दिसायला लागलं. मी गावी गेलो तेव्हा ते चित्र तात्यांना दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं, बांधावरून आत गेले, एक झाड उपटून आणलं आणि माझ्या हातात दिलं. पानं टवटवीत होती. खोडाच्या पेरापेराशी फुलं गळून गेल्याच्या खुणा होत्या, वर चारदोन शेंगा, त्याही चपट्या. एक फोडली तर आत एकच दाणा, ज्वारीएवढा. तात्या म्हणाले, "पानं इकायची का आता?"

फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला की फुलं आणि कोवळ्या शेंगा गळतात. पुढे पाऊस आला तरी त्या परत येत नाहीत. शिवाय शेंग कमी असली की पानं उशिरा पिवळी पडतात, कारण पानांतलं नत्र ओढून घ्यायला दाणेच पुरेसे नसतात. म्हणजे आसपासची रानं पिवळी पडत असताना जे हिरवं राहिलं, तिथेच नुकसान जास्त असू शकतं! नुसता हिरवेपणा बघून "पीक उत्तम" म्हणणं हा अन्यायच.

म्हणून उपग्रह बिनकामाचा, हेही मला मान्य नाही. विम्यासाठी मोजक्या प्लॉटांतलं पीक कापून, वजन करून (पीक कापणी प्रयोग) अख्ख्या महसूल मंडळाचं, म्हणजे कित्येक गावांचं, उत्पन्न ठरतं, ते तरी कुठे प्रत्येकाच्या रानाला लागू पडतं? ढगांच्या आरपार बघणारं उपग्रहावरचं रडार अतिवृष्टीत शिवारात साचलेलं पाणी दाखवतं, पंचनाम्याला माणूस पोचायच्या आधी. हे सोडून द्यायचं का?

हवामानबदलाचं तर आणखी अवघड. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत, ती ओळीनं लावली की बदल आपोआप दिसेल, असं मी सुरुवातीला ठामपणे सांगायचो. पण तेवढ्या काळात आमच्याकडची ज्वारी हटून सोयाबीन आलं, बोअर पडले, ऊस वाढला. हिरवेपणा बदलला तो पावसानं की पेऱ्यानं? तेव्हाचा मी म्हणेल, पेऱ्याची माहिती जोड आणि वेगळं काढ. जोडतोय. पण जुन्या काळातली गटवार, खात्रीची नोंद आणायची कुठून? आणि पेराही पावसाकडे बघूनच बदलला असेल, तर वेगळं काढायचं ते नेमकं काय?

सध्या मी हिरवेपणा किती यापेक्षा पानं कधी पिवळी पडली, या तारखांकडे बघतो. पण पेरणी उशिरा झाली किंवा वाण जास्त दिवसांचं असलं तरी तारीख तशीच पुढे सरकते. ते ओळखायला रानात जाऊन शेंगा मोजाव्याच लागतात. तात्या मोजून देतात, पण त्यांना हे पटलेलं नाही. तुझा आकडा बरोबर निघाला तरी भरपाई देणारा तो धरील का, असं ते विचारतात. धरायला हवा, एवढंच मी म्हणू शकतो.