बारा नरडी, आठ सिलिंडर

कार्ब्युरेटरची आणि माझी ओळख पेट्रोलमुळे नव्हे, तर रॉकेलमुळे झाली. आजीच्या पितळी स्टोव्हच्या निपलमध्ये कचरा अडकला की ज्योत पिवळी पडत असे आणि मग पत्र्याच्या पट्टीला बसवलेली ती केसासारखी बारीक पिन शोधण्यासाठी सारे घर पालथे घातले जाई. पुढे मोटारसायकल आली, मिस्त्रींनी ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ असे सांगून पितळी जेट तळहातावर ठेवला, तेव्हा लक्षात आले की प्रकरण जुनेच आहे. फरक एवढाच की येथे पंप मारावा लागत नाही. इंजिन स्वतःच हवा ओढते, ती अरुंद गळ्यातून वेगाने जाताना तेथील दाब उतरतो आणि पेट्रोल जेटमधून वर येऊन तिच्यात मिसळते.

एका इंजिनाला असा एक कार्ब्युरेटर पुरतो. म्हणूनच कॅलिफोर्नियात भाच्याकडे गेलो असताना पोमोनाच्या रोडस्टर प्रदर्शनाबाहेरील मैदानात एका गाडीवर सहा कार्ब्युरेटर पाहिले, तेव्हा मी मोजण्यात चुकलो असे वाटून पुन्हा मोजले. हे प्रदर्शन 1950 मध्ये ओकलंडला सुरू झाले आणि 2004 पासून पोमोनाला भरते. गाडी 1932 ची फोर्ड होती, छत नसलेली, दोघांपुरती, म्हणजेच रोडस्टर. बॉनेट काढून टाकलेले असल्यामुळे 283 क्यूबिक इंचांचे शेव्हरोलेचे व्ही-8 इंजिन उघडेच होते आणि त्याच्या माथ्यावर तीन-तीनच्या दोन रांगांत स्ट्रॉमबर्ग 97 बसवलेले होते. या नावातील 97 म्हणजे गळ्याच्या सर्वांत अरुंद जागेचा व्यास, 0.97 इंच. प्रत्येक कार्ब्युरेटरला असे दोन गळे असतात, म्हणजे आठ सिलिंडरांना बारा नरडी झाली.

या हौसेचे मूळ मात्र गरजेत आहे. फोर्डने 1932 मध्ये सामान्य माणसाला परवडेल असे व्ही-8 बाजारात आणले, त्याची ताकद 65 अश्वशक्ती होती. लॉस एंजेलिसच्या परिसरातील पोरांनी जुन्या फोर्ड घेऊन त्यांचे मडगार्ड उतरवले, काच काढली आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट मातीवर त्या पळवायला सुरुवात केली. इंजिनाला जास्त श्वास हवा होता, पण मोठा कार्ब्युरेटर मिळत नव्हता. भंगारात मिळत होते ते लहान. तेव्हा एकाला दुसरा जोडणे हाच शहाणपणा होता. लॉस एंजेलिसचे गॅरेजवाले व्हिक एडलब्रॉक यांनी 1938 मध्ये दोन स्ट्रॉमबर्ग बसतील असा मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरमधून आलेली हवा सिलिंडरांना वाटणारा नळ्यांचा सांगाडा, तयार केला आणि 1941 मध्ये रोझामंडच्या तळ्यावर त्यांच्या 1932 च्या रोडस्टरने ताशी 121 मैलांचा वेग गाठला. दोनाचे तीन झाले, चार झाले, आणि युद्धानंतर कोणाला तरी सहाही कमी वाटू लागले असावेत.

येथून पुढे हिशेब जुळत नाही. एक स्ट्रॉमबर्ग मिनिटाला ढोबळमानाने दीडशे घनफूट हवा आत सोडू शकतो, म्हणजे सहा मिळून नऊशे झाले. 283 क्यूबिक इंचांचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्या मारत असले, तरी त्याला पाचशे घनफूटही लागत नाहीत. नरडी वाढली की प्रत्येकातून जाणारी हवा मंदावते, ओढ कमी पडते आणि सिग्नलवरून निघताना गाडी ठसकते. शिवाय 1952 मध्ये जनरल मोटर्सच्या काही गाड्यांवर चार गळ्यांचा एकच कार्ब्युरेटर आल्यावर या पसाऱ्याचे कारणही संपत आले. पण बेंदराच्या दिवशी बैलाच्या शिंगांना बेगड लावली म्हणून नांगरट खोल होते, असे आमच्या कोल्हापुरात कोणी कधी म्हटलेले नाही, आणि म्हणून कोणी बेगड लावायची सोडलेलीही नाही.

मला या सहांचा धसका बसला तो वेगळ्या कारणाने. माझ्याकडे एकेकाळी जुनी राजदूत 350 होती, दोन सिलिंडरांची आणि दोन कार्ब्युरेटरांची. एकाच अ‍ॅक्सिलरेटर केबलचे पुढे दोन फाटे होत आणि दोन्ही स्लाइड, म्हणजे गळ्यातील सरकत्या झडपा, एकदम उचलल्या तरच ती सरळ वागत असे. एका रविवारी मी हौसेने एका बाजूचा स्क्रू पिळला आणि पुढचा आठवडाभर गाडी मिसिंग करत राहिली. उद्यमनगरातील मिस्त्रींनी काही न बोलता दोन्ही गळ्यांत बोटे घातली, हलकेच अ‍ॅक्सिलरेटर फिरवला, चाचपून फरक ओळखला आणि दहा मिनिटांत ती ठीक केली. मग माझा स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि स्वतःच्या खणात ठेवून दिला.

दोघांचे जमवताना ही गत, तर सहांचे काय होत असेल? पोमोनाच्या त्या गाडीचा मालक सत्तरीपुढचा होता. त्याने इंजिन स्लोवर सोडले, खिशातून वीतभर रबरी नळी काढली, तिचे एक टोक कानाशी धरले आणि दुसरे मधल्या जोडीतील एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी नेले. मग समोरच्याच्या तोंडाशी. पुन्हा पहिल्याच्या. दोन्हींची फुसफुस सारखी होईपर्यंत तो एक स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरवत होता. बाकीच्या चारांकडे तो वळेना, तेव्हा मला राहवले नाही. मी खुणेने नळी मागून घेतली आणि कोपऱ्यातील एकाला लावली. काहीही ऐकू आले नाही. मी दुसरा कोपरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे तीच शांतता.

‘‘मामा, कचरा आलाय का?’’ भाच्याने विचारले. मीही गंभीरपणे मान हलवली.

म्हातारा हसला. चारही कोपऱ्यांतील कार्ब्युरेटरखाली त्याने पातळ पत्र्याच्या चकत्या घालून वाट बंद केलेली होती. गाडी मधल्या दोघांवरच चालत होती. आम्हांला दाखवण्यासाठी त्याने हाताने रॉड ओढला, तेव्हा सहांच्याही झडपा एका ठेक्यात उघडल्या आणि मिटल्या, त्यांतील चारांतून वाऱ्याची झुळूकही आत जात नव्हती. मग इंजिन बंद करून त्याने फडके घेतले. मधल्या दोघांच्या अंगावर पेट्रोल सुकून तपकिरी ओघळ धरले होते आणि ते काही केल्या निघत नव्हते. कोपऱ्यांतील चारांवर एकही डाग नव्हता, तरी तो त्यांनाही तितकाच वेळ पुसत राहिला.