गुरूवाचून चालताना

ध्यानाला कसं बसायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. पहाटे उठायचं, भिंतीला पाठ टेकायची, आत-बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे पाहायचं, मन पळालं की परत आणायचं. वाचून-ऐकून जमवलेलं एवढंच. गुरू शोधले, पण डोकं टेकवावं असं कुठं आतून वाटलं नाही, आणि न वाटता टेकवणं मला पटत नाही. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले तेव्हा हाच प्रश्न बरोबर होता: ज्याला गुरू नाही त्याला वाट कोण दाखवणार?

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांब. त्यातच एकादशीचा उपास आणि दिवे घाट. घाटात पुढे-मागे नुसत्या पताका दिसत होत्या. मी सवयीनं श्वासावर लक्ष ठेवून चालत होते. चढ लागला, धाप लागली आणि सगळं विस्कटलं. शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या, डोक्यावर तुळस. मी ओठ मिटून चालते आहे, हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं.

"माय, तोंडानं म्हण की. मनातल्या मनात म्हणतीस म्हणून निसटतंय."

मी म्हणू लागले. रामकृष्णहरी. टाळाचा ठेका, पाऊल आणि नाम एका जागी आलं. धाप तशीच होती, पण ती माझ्या आड येईना. डोळे मिटून जे पकडायला धडपडत होते, ते इतक्या गजरात, घामाच्या धारांत असं सहज हाती येईल असं मला वाटलं नव्हतं. आजींनी मात्र पुन्हा माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या आपल्या भजनात होत्या.

सासवडला, सोपानदेवांच्या गावात, दोन दिवस मुक्काम. कीर्तनात बुवांनी नामदेवांची गोष्ट लावली होती. तेरला गोरोबाकाकांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं थापटलं आणि गुरू नसलेले नामदेव कच्चं मडकं ठरले. मग त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे जावं लागलं. मला वाटलं, लागला माझा निकाल. पण मग तुकोबा आठवले. गंगास्नानाला जाताना त्यांना त्यांचे गुरू बाबाजी भेटले ते स्वप्नात. मस्तकावर हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितलं, रामकृष्णहरी हा मंत्र दिला. गुरूची काहीच सेवा घडली नाही, ही हुरहुर तुकोबांनीच सांगून ठेवली आहे. पुढे संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश झाला तोही स्वप्नातच. म्हणजे समोर बसलेला गुरू नसतानाही कृपा झालेली माणसं याच वाटेवरची आहेत. माझा जीव या दुसऱ्या बाजूला ओढ घेतो, हे मी लपवत नाही.

पण वारीनं मला खरं शिकवलं ते समाजआरतीत. मुक्कामाच्या तळावर पालखी येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतात, हाक देतात, आणि तो अफाट जनसमुदाय एका क्षणात गप्प होतो. हरवलं-सापडलं सांगितलं जातं, उद्याची वेळ सांगितली जाते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवतच राहते. तिला कुणी दटावत नाही. चोपदार जातात, म्हणणं ऐकून घेतात, मग तिचे टाळ थांबतात आणि आरती होते.

त्या दिवसांत माझ्या आत एक टाळ वाजत होता. तंबूतली एक बाई रोज माझी जागा बळकावायची, माझं ओलं अंथरूण बाजूला सारायची. मी राग गिळून नाम घ्यायची आणि नामामागे राग चालूच. वर्षानुवर्षं ध्यानात मी हेच करत होते. विचार आला की हाकलायचा. त्या रात्री मी रागाला म्हटलं, बोल, काय म्हणतोस? त्याचं म्हणणं जागेबद्दल नव्हतंच. घरी माझ्या वाट्याला आजवर काय आलं नाही, त्याची जुनी यादी निघाली. मी ती शेवटपर्यंत ऐकली, रडले आणि झोपले. सकाळी काकड्याला उठले तर राग संपलेला नव्हता, पण ओरडत नव्हता. त्या बाईंना मी चहा आणून दिला. पुढे फलटणपर्यंत आम्ही एकमेकींच्या पायांना तेल लावत आलो.

वेळापूरजवळ धावा झाला. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. सगळे धावले, मीही धावले. धावताना स्वतःकडे पाहणारं कुणी उरलं नव्हतं. याहून जास्त त्याबद्दल मला सांगता येत नाही.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत मी उभी राहिले नाही. नामदेव पायरीवर डोकं ठेवलं, कळस पाहिला. या खेपेला डोकं आपणहून टेकलं.

आता पहाटे बसते तेव्हा आधी हरिपाठ मोठ्यानं म्हणते. एकादशीला गल्लीतल्या भजनात जाते, कारण तिथं ठेका चुकला तर शेजारची बाई लगेच कोपरानं ढोसते, आणि हे मला घरी एकटीला कुणी करत नाही. वारकऱ्याची तुळशीची माळ अजून घातलेली नाही. दिंडीच्या विणेकरी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "घाई नाही, माउली. माळ घातली की वारी चुकवायची नाही, एकादशी मोडायची नाही. झेपेल तेव्हा या." झेपेल का, हे मी अजून स्वतःला विचारते आहे.